जुनं साउंड कार्ड नव्या लॅपटॉपला चालत नाही? भंगारात देण्याआधी हे करून बघा

माळा आवरताना आजीच्या ओव्यांच्या कॅसेट सापडतात. टेपरेकॉर्डर अजून चालतो. म्हणून त्या लॅपटॉपमध्ये उतरवायला बसावं, तर नव्या लॅपटॉपला लाइन-इनच नसतं! हेडफोनचा एक जॅक, आणि त्यातून आत जाणारा आवाज मोनो.

मग आठवतो पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ज्याला आपल्याकडे सगळे साउंड कार्डच म्हणतात. तो जोडला, दिवा लागला, पण कॉम्प्युटर त्याला ओळखच देत नाही. कंपनीच्या साइटवर पाहावं तर शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ साठीचा.

इथे बहुतेक जण नवीन डबा मागवतात. पण बऱ्याचदा डबा ठणठणीत असतो, अडलेलं असतं ते भाषेपाशी.

ड्रायव्हर म्हणजे डबा आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. १९९८ मध्ये ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ नावाची एक सामाईक भाषा ठरली. ती बोलणाऱ्या डब्याला ‘क्लास कम्प्लायंट’ म्हणतात आणि त्याला कंपनीचा दुभाष्या लागतच नाही. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांना ती भाषा येते. बेहरिंगरचं छोटं यूसीए२०२ याच जातीचं, लावलं की चालू. या भाषेची दुसरी आवृत्ती मात्र विंडोजला २०१७ च्या अपडेटपर्यंत स्वतःहून येत नव्हती.

ज्या कंपन्यांनी आपलीच वेगळी भाषा वापरली, त्यांच्या डब्यांचं घोडं अडतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यात ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. विंडोज ७ चा ६४ बिट ड्रायव्हर मिळाला तर जरूर टाकून बघा, कधीकधी चालून जातो. फक्त तो कंपनीच्याच साइटवरून घ्या, कुठल्या तरी ‘फ्री ड्रायव्हर’वाल्या साइटवरून नको.

काही डब्यांना दोन्ही भाषा येतात आणि हे आपल्या गावीही नसतं. एडिरॉल यूए-२५ वर ‘ॲडव्हान्स’ नावाचा खटका आहे. तो बंद करून वायर काढून पुन्हा लावली, की डबा सामाईक भाषेत बोलू लागतो. मग तो १६ बिटवर चालतो, पण सीडीसुद्धा १६ बिटचीच असते. कॅसेटला आणखी काय हवं? तेव्हा आपल्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा उघडाच.

डबा खरंच गेलाय का, हे कळायला सगळ्यात खात्रीचा उपाय लिनक्सचा. उबुंटू पेन ड्राइव्हवर टाका आणि काहीही इन्स्टॉल न करता तिथूनच लॅपटॉप सुरू करा. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी डबे लिनक्सला अजून ओळखता येतात. तिथे आवाज आला, तर दोष डब्यात नाही. (त्याआधी वायर बदलून बघा. आधी तीच मरते.) यूएसबी ३ च्या पोर्टवर डबा रुसत असेल, तर मध्ये स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी २ चा हब लावा. जुना यूएसबी १.१ चा डबा असला तरी वेगाची काळजी नको. त्याची वाट १२ मेगाबिटची आणि स्टिरिओ आवाजाला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवरही लागतात जेमतेम २.३.

विंडोजवर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला एएसआयओ ड्रायव्हरच हवा असेल, तर एएसआयओ४ऑल हा फुकटचा पर्याय आहे. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याचा त्रासही त्याने बराच कमी होतो. कॅसेट उतरवायला त्याची गरज नाही, ऑडॅसिटी पुरे.

आणि एवढं करून डबा ओळखला गेला, रेकॉर्डिंगही सुरू झालं, पण पट्टी सपाटच राहिली तर? सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोनची परवानगी बघा. तुम्ही माइक लावलेला नसला तरी विंडोजच्या लेखी बाहेरून येणारा प्रत्येक आवाज मायक्रोफोनच असतो.