चाक मोठं केलंत, आता गिअरचा हिशेब करा

डेन्व्हरहून आय-70 महामार्गाने पश्चिमेला निघालं की जॉर्जटाउन हे खाणींचं जुनं गाव मागे पडतं आणि तिथून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढ सोडत नाही. डेन्व्हर शहरच 1,609 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम 37 मीटर खाली. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड सुमारे 3,400 मीटरवर. या चढावर माझी जीप रँग्लर दर मिनिटाला गिअर बदलत होती. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दुसऱ्यात इंजिन किंचाळायचं, तिसऱ्यात दम सोडायचं.

शेजारच्या सीटवर आबा बसले होते, माझे वडील. मिरजेत त्यांनी 34 वर्षं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज चालवलं. त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच माझ्याकडे कोलोरॅडोत आले होते. बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "इंजिनाला काही झालेलं नाही. चाकं कधी बदललीस?"

"आठ महिने झाले, आबा."

"आणि क्राउन-पिनियन?"

"तो मूळचाच आहे."

"मग गाडीनं काय करायचं, सांग."

त्याआधी मी स्पार्क प्लग बदलले होते, एअर फिल्टर बदलला होता. ज्या दुकानात मोठे टायर आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवलं, तिथे मला सांगितलं होतं की गिअरचं नंतर बघता येईल. ते नंतर बघायचं काम नव्हतं. टायर बदलले त्याच दिवशी माझ्या गाडीचे गिअरही बदलले होते आणि ते मला कळलं नव्हतं. उंच केलेल्या गाडीबद्दल मला जे सांगायचं आहे, ते एवढंच आहे. बाकीचा सगळा लेख म्हणजे त्याचा हिशेब.

आकडा कशाचा?

गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी जो गोल डबा दिसतो, त्याला आपल्याकडे सगळे डिफरन्शियल म्हणतात. त्यात दोन गिअर असतात. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन आणि त्याच्याशी काटकोनात फिरणारा मोठा क्राउन. पिनियनला 9 दात आणि क्राउनला 41 दात असतील, तर 41 भागिले 9, म्हणजे 4.56. हाच रेशो. पिनियन साडेचार वेळांहून थोडा जास्त फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. 10 दातांचा पिनियन आणि 41 दातांचा क्राउन असेल तर 4.10. पिनियन 11 दातांचा असेल तर 3.73.

आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्याही जास्त. आकडा लहान असेल तर इंजिन निवांत फिरतं, पण ओढ कमी पडते. आबांना हे दाताच्या भाषेत पाठ होतं. खाणीवर चालणाऱ्या टिपरला एक क्राउन-पिनियन आणि लांबच्या लाइनवर चालणाऱ्या ट्रकला दुसरा, हे त्यांनी हाताने बसवलेलं होतं.

यात टायर कुठून आला? सायकल आठवा. मागचं चाक मोठं केलं तर पायडलच्या एका फेरीत सायकल जास्त पुढे जाते, पण पाय तितकाच जड होतो. सपाटीवर ते खपून जातं. डबलसीट घेऊन चढ लागला की मांड्या भरून येतात.

माझी गाडी 2013ची चार दारांची रँग्लर स्पोर्ट. 3.6 लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, अ‍ॅक्सलमध्ये 3.21. मूळचे टायर 225/75 आर 16, म्हणजे व्यास 29.3 इंच. डोंगरातल्या ओढ्यांची आणि बर्फाची मोजमापं घेणं हे माझं काम. खाणींच्या जुन्या रस्त्यांवर खडकांतून जावं लागतं, म्हणून मी गाडी अडीच इंच उचलून 35 इंची टायर घातले. गरज खरी होती, हिशेब अर्धा होता.

नव्या टायरने मूळचा रेशो किती उरला, ते असं काढायचं: 3.21 गुणिले 29.3, भागिले 35. उत्तर 2.69. चाकाशी पोहोचणारी ओढ सोळा टक्क्यांनी घटली. त्यात टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी 11,000 फुटांवर तिसरा हिस्सा गेलेला असतो. समुद्रसपाटीला 285 अश्वशक्ती देणारं इंजिन तिथे 190च्या आसपास देतं. गाडी कुरकुरत होती ती एवढ्यासाठी.

मूळ जागी परत येण्याचा हिशेब

उलट गणितही तितकंच सोपं आहे. जुना रेशो गुणिले नवा टायर, भागिले जुना टायर. 3.21 गुणिले 35, भागिले 29.3, बरोबर 3.83. म्हणजे 3.83 घातला की गाडी कंपनीतून आली तशी चालेल, असं गणित म्हणतं.

इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. कारण हे गणित फक्त व्यास पाहतं. नवं चाक आणि टायर मिळून माझ्याकडे जुन्यापेक्षा प्रत्येकी सुमारे 15 किलो जड निघाले, आणि हे वजन फिरणारं असल्याने दर वेळी वेग घेताना ते इंजिनाला जाणवतं. टायर रुंद झाला, त्याची नक्षी खोल झाली, म्हणून रस्त्याशी घासणं वाढलं. गाडी उंच झाली, म्हणून समोरचा वारा जास्त अंगावर आला. शिवाय मुळातला 3.21 हा इंधन वाचवायला निवडलेला आकडा होता. हीच गाडी ओझं ओढण्यासाठी घेणाऱ्यांना कंपनी 3.73 देत होती. तो पाया धरला तर 3.73 गुणिले 35, भागिले 29.3, उत्तर 4.46. बाजारात मिळणारा त्याच्या जवळचा वरचा आकडा 4.56.

मग दुसऱ्या बाजूने तपासायचं: महामार्गावर इंजिन किती फिरेल? माझा रोजचा वेग ताशी 65 मैल, म्हणजे 105 किलोमीटर. पाचव्या गिअरात मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या अशा येतात:

मूळचे टायर आणि 3.21: सुमारे 1,990
35 इंची टायर आणि 3.21: 1,670
35 इंची आणि 4.10: 2,130
35 इंची आणि 4.56: 2,370
35 इंची आणि 4.88: 2,540
35 इंची आणि 5.13: 2,670

अनेकांना वाटतं, 1,670 म्हणजे पेट्रोल वाचलं. माझा अनुभव उलटा आहे. इतक्या कमी फेऱ्यांवर इंजिनाला गाडी ओढवत नव्हती, म्हणून गिअरबॉक्स पाचव्यात टिकतच नव्हता. सतत गिअर बदलल्याने त्याचं तेल तापत होतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उष्णतेनेच लवकर मरतो. 4.88 घेतला असता तर चढाला आणखी बरं झालं असतं, पण माझा निम्मा प्रवास महामार्गावरचा. शिवाय आकडा वाढतो तसा पिनियन लहान होतो, त्याचे दात कमी होतात आणि तो नाजूक होतो. माझ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल, डाना 30, मुळातच मागच्या डाना 44 पेक्षा हलका आहे. मी 4.56वर थांबले.

हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. 2018 नंतरच्या रँग्लरमध्ये आठ गिअरांचा गिअरबॉक्स आहे. त्याचा पहिला गिअर 4.71, तर आमच्या जुन्या पाच गिअरांचा 3.59. तिथे अ‍ॅक्सलमध्ये 4.10 असेल तर 35 इंची टायर बऱ्याच जणांना चालून जातो. फोर्ड एफ-150सारख्या दहा गिअरांच्या ट्रकलाही थोडी मोकळीक मिळते. तरी मोठ्या टायरला मोठा रेशो लागतो हा नियम कंपन्याही पाळतात. जीपने 2021मध्ये कारखान्यातूनच 35 इंची टायर द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या पॅकेजमध्ये अ‍ॅक्सलला 4.56 दिला. फोर्डने ब्राँको सॅस्क्वॉचला 35 इंची टायरसोबत 4.7 दिला. ज्यांनी गाडी बनवली तेच टायर आणि रेशो एकत्र बदलतात, मग आपण वेगळं का वागावं?

टेपने मोजा

टायरवर 35 लिहिलेलं असतं म्हणून तो 35 असतोच असं नाही. 315/70 आर 17 हा टायर '35 इंची' म्हणून विकला जातो, पण त्याचं गणित 34.4 इंच येतं. गाडीच्या वजनाने तो खाली थोडा दबतो, हवा कमी केली की आणखी. म्हणून चाकाला खडूने खूण करा, सपाट जमिनीवर गाडी सरळ ढकलत एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. त्याला 3.14ने भागलं की खरा व्यास. आबांनी हे माझ्या घरासमोर करून दाखवलं. त्यांच्या खिशात अजूनही खडू असतो.

बसवताना

फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सलचे गिअर एकदमच बदलावे लागतात. पुढे एक रेशो आणि मागे दुसरा ठेवून फोर-व्हील लावलं, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) किंवा शाफ्ट तुटतो. 'सध्या मागचाच करू' हा सल्ला कोणी दिला, तर तिथून निघा. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक आकड्यापलीकडे जायचं असेल तर क्राउन ज्यावर बसतो तो कॅरियरही बदलावा लागतो. 3.21वरून येताना मला बदलावा लागला. सुटे भाग, बेअरिंग आणि मजुरी मिळून मला दोन हजार डॉलरच्या थोडं वर खर्च आला. टायर घेण्याआधी ही रक्कम त्यांच्या किमतीत मिळवून बघायला हवी होती.

हे काम हाताचं आणि नजरेचं आहे. क्राउन आणि पिनियनच्या दातांतली फट केसाएवढी, साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर ठेवायची असते. ती कागदाइतक्या पातळ शिम घालून, काढून जुळवतात. मग दातांना पिवळा रंग लावून गिअर फिरवतात आणि दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा पाहतात. ठसा दाताच्या मध्यावर हवा. तो टोकाला किंवा मुळाशी गेला की काही शे मैलांतच क्राउन गायला लागतो. मी ज्या कारागिराकडे गेले, त्याने आबांना ठसा पाहायला आत बोलावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आबांनी ठसा पाहिला, मान हलवली, आणि त्या कारागिराने झाकण लावलं.

नवे गिअर बसले की पहिल्या दिवशी वीसेक मैल हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. पहिले 500 मैल ओझं ओढू नका आणि त्यानंतर डिफरन्शियलचं तेल बदला. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचा नवा व्यास आणि नवा रेशो भरून घ्या. ते भरेपर्यंतच्या आठ महिन्यांत माझा मीटर 54 मैल दाखवायचा तेव्हा गाडी 65ने धावत असायची. हे दंडापुरतं नाही, पुढच्या गाडीपासून अंतर राखण्याचा प्रश्न आहे. आणि एक गोष्ट गिअरने सुधारत नाही, ती म्हणजे ब्रेक. जड आणि मोठं चाक थांबायला जास्त अंतर घेतं. त्याची वेगळी सोय करा.

सांगलीचा माझा मामेभाऊ थार घेऊन असाच विचार करत होता. त्याला मी आधी कायदा वाचायला सांगितलं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये तेच स्पष्ट केलं. गणित दोन्हीकडे सारखंच आहे, परवानगी सारखी नाही.

सप्टेंबरात आबा परत जाण्याआधी आम्ही पुन्हा त्याच चढावर गेलो. ताशी 55 मैलांवर गाडी तिसऱ्या गिअरात शिरली, 3,400 फेऱ्यांच्या आसपास स्थिरावली आणि बोगद्याच्या तोंडापर्यंत तिने एकदाही गिअर बदलला नाही. आबा वाटेत काही बोलले नाहीत. बोगदा ओलांडल्यावर त्यांनी शिदोरी उघडली.

तुम्ही गाडी उंच करणार असाल, तर आधी टायर कायमचा ठरवा, तो टेपने मोजा, आपला रस्ता आणि ओझं कागदावर लिहा आणि त्यावरून रेशो काढा. दोन्हींचे पैसे एकदम जमले नाहीत, तर टायरसुद्धा थांबवा.