ऑल-इन-वन संगणकाला डीव्हीडी रायटर जोडताना

पडदा, प्रोसेसर, हार्डडिस्क आणि स्पीकर यांना एकाच आवरणात सामावून घेणारा ‘ऑल-इन-वन’ संगणक टेबलावर जागा कमी व्यापतो, वायरींचा पसारा टाळतो आणि दिसतोही देखणा. या देखणेपणाची किंमत मात्र त्यात एखादा नवा भाग बसवण्याची वेळ आली की कळते. नेहमीच्या संगणकाच्या कॅबिनेटची एक बाजू उघडली, चार स्क्रू फिरवले आणि दोन वायरी जोडल्या की डीव्हीडी रायटर बसतो. ऑल-इन-वनच्या बाबतीत हेच काम साधे राहत नाही.

आज हा प्रश्न पुन्हा विचारला जाण्याला एक घरगुती कारण आहे. २००० च्या दशकात लग्न, मुंज, बारसे अशा समारंभांचे चित्रीकरण छायाचित्रकार डीव्हीडीवर देत असत. त्या तबकड्या कपाटात जपून ठेवलेल्या आहेत, पण त्या वाचणारे यंत्र अनेक घरांत उरलेले नाही. काहींच्या घरी मूळ चित्रीकरणाच्या मिनी-डीव्ही कॅसेटही आहेत. जुना ऑल-इन-वन चालू स्थितीत असेल तर त्याला रायटर जोडून हा ठेवा वाचवता येईल का, असा विचार मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या किमतीपेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून असते : माहिती वाहून नेणारा मार्ग, आतील जागा आणि सॉफ्टवेअर.

मार्ग किती रुंद?

अॅपल कंपनीचा पहिला आयमॅक १९९८ साली बाजारात आला. त्यात फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, सीडी फक्त वाचता येत होती आणि बाहेरची साधने जोडण्यासाठी यूएसबीची दोन छिद्रे होती. ते यूएसबी पहिल्या पिढीचे. त्याचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे कागदोपत्री दीड मेगाबाइट. प्रत्यक्षात पदरात पडत असे ते सुमारे एक मेगाबाइट.

सीडीचा मूळ वेग, ज्याला ‘१ एक्स’ म्हणतात, सेकंदाला १५० किलोबाइट इतका आहे. डीव्हीडीचा ‘१ एक्स’ मात्र सुमारे १,३८५ किलोबाइट, म्हणजे सीडीच्या नऊपट आहे. याचा अर्थ डीव्हीडीच्या सर्वांत मंद लेखनालाही हे जुने यूएसबी पुरे पडत नाही. लेझर किरण तबकडीवर सलग लिहीत असतो. मागून येणारा माहितीचा प्रवाह आटला की सुरुवातीच्या रायटरांमध्ये लेखन अर्ध्यावर तुटे आणि तबकडी वाया जाई. पुढच्या रायटरांमध्ये थांबून पुन्हा तिथूनच लिहिण्याची सोय आली. त्यामुळे तबकडी वाचली, तरी वेळ वाचला नाही. एक पूर्ण डीव्हीडी भरायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागणारच.

ऑक्टोबर १९९९ मध्ये आलेल्या आयमॅक डीव्हीमध्ये सेकंदाला ४०० मेगाबिट वेगाचे फायरवायर होते आणि तिथे ही अडचण मिटली. त्यानंतर सर्वत्र पसरलेल्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट आहे. आठ एक्स वेगाने लिहिणाऱ्या रायटरला ९० मेगाबिटही लागत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी पाहायचे ते हे, की आपल्या संगणकावर यूएसबी २.० किंवा फायरवायर आहे का. केवळ पहिल्या पिढीचे यूएसबी असेल तर बाहेरचा रायटर घेण्यात अर्थ नाही.

आत जागा किती?

साध्या संगणकातील रायटर सुमारे ४२ मिलिमीटर उंच असतो. बहुतेक ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपसारखा सपाट रायटर लागतो आणि त्यातही १२.७ व ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडी प्रचलित आहेत. जाड रायटर पातळ खाचेत बसत नाही. पातळ रायटर जाड खाचेत ठेवला तर त्याला आधार द्यावा लागतो. काही यंत्रांत तबकडी ठेवण्याचा ट्रे बाहेर येतो, तर काहींत ती फटीतून आत ओढली जाते. फटीच्या यंत्रात ट्रेचा रायटर निरुपयोगी ठरतो.

जोडणीचेही तसेच आहे. जुन्या यंत्रांत पट्टीसारखी रुंद आयडीई केबल असते. एका केबलवर हार्डडिस्क आणि रायटर अशी दोन साधने असली तर एकाला ‘मास्टर’ व दुसऱ्याला ‘स्लेव्ह’ ठरवावे लागते. ही मांडणी चुकली तर संगणकाला दोन्ही दिसेनाशी होऊ शकतात. नंतरच्या यंत्रांत साटा जोडणी आली. मात्र सपाट रायटरच्या साटा जोडणीतून फक्त पाच व्होल्टचा पुरवठा होतो, तर मोठ्या रायटरला बारा व्होल्टही लागतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

जानेवारी २००२ मध्ये सादर झालेल्या, घुमटासारख्या बैठकीच्या आयमॅकचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या महागड्या प्रकारात दोन एक्स वेगाने डीव्हीडी लिहिणारा ‘सुपरड्राइव्ह’ होता, तर स्वस्त प्रकारात केवळ सीडी लिहिता येई. घुमटात मोठ्या आकाराचा रायटर मावतो, म्हणून स्वस्त प्रकारात तो बदलून घेण्याचा मोह होतो. परंतु रायटरपर्यंत पोहोचायला बैठक उघडावी लागते आणि ती उघडताच प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा सांधा सुटतो. तो पुसून, नवा थर्मल पेस्ट लावून, स्क्रू नीट आवळून बंद केला नाही तर यंत्र तापते. रायटर बदलताना प्रोसेसर धोक्यात येतो, तो असा.

त्याआधीच्या, काचेच्या चित्रनलिकेच्या आयमॅकमध्ये धोका संगणकाला नव्हे, माणसाला आहे. प्लग काढल्यानंतरही चित्रनलिकेत घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. हे काम घरी करू नये. जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे.

सॉफ्टवेअरचे कुलूप

रायटर बसला, तरी संगणक त्याला स्वीकारेलच असे नाही. विंडोज एक्सपीमध्ये सीडी लिहिण्याची सोय होती, पण साध्या डीव्हीडीसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागे. अॅपलचे आयडीव्हीडी सुरुवातीला अॅपलने बसवलेल्या रायटरवरच लिहीत असे. इतर कंपन्यांचे रायटर २००६ च्या सहाव्या आवृत्तीपासून चालू लागले. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट पाहण्याची सोय मूळ विंडोजमध्ये नाही. त्यासाठी व्हीएलसीसारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

हार्डडिस्ककडेही पाहावे. मिनी-डीव्ही कॅसेटमधील एका तासाचे चित्रण सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते. १९९९ च्या आयमॅक डीव्हीची हार्डडिस्क १० गिगाबाइटची होती. म्हणजे तासाभराची एक कॅसेटही तिच्यात पूर्ण मावत नाही.

मग करावे काय?

यूएसबी २.० किंवा त्यापुढील जोडणी असलेल्या ऑल-इन-वनसाठी बाहेरून जोडायचा सपाट रायटर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. यंत्र उघडावे लागत नाही आणि उद्या संगणक बदलला तरी रायटर कामी येतो. यूएसबी २.० च्या छिद्रातून ५०० मिलिअँपियर वीज मिळते. काही रायटरना लेखनाच्या वेळी त्याहून जास्त लागते. रायटर मधेच बंद पडत असेल तर दोन तोंडांची केबल किंवा स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब वापरावा. आतला रायटर बिघडला असेल आणि तंतोतंत त्याच जाडीचा, त्याच जोडणीचा दुसरा मिळत असेल, तरच यंत्र उघडण्याचा विचार करावा.

फायरवायर असलेला जुना आयमॅक मात्र घाईने भंगारात काढू नये. आजच्या संगणकांवर ते छिद्र नसते आणि मिनी-डीव्ही कॅसेटमधील चित्रण उतरवायला तेच लागते. हार्डडिस्क अपुरी असेल तर फायरवायरवर चालणारी बाहेरची हार्डडिस्क जोडता येते.

शेवटी, रायटर आला म्हणून सारे पुन्हा डीव्हीडीवर लिहून निश्चिंत होणे योग्य नाही. लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. प्रकाश, उष्णता आणि दमट हवा यांनी तो कालांतराने बिघडतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. म्हणून रायटरचा पहिला उपयोग लिहिण्यासाठी न करता वाचण्यासाठी करावा. जुन्या तबकड्या वाचता येतात तोवर त्यांतील सारे दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यावे, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी आणि मग हवी तर नातेवाइकांसाठी नवी डीव्हीडी काढावी. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनी-डीव्ही कॅसेट आणि लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. ही साधने आता सरत चालली आहेत. आठवणी उतरवून घेण्याचे काम पुढे ढकलू नये, हेच बरे.