बुडालेले अंडे ताजे असते, सुरक्षित असेलच असे नाही

मुंबई-नाशिक महामार्गावरचे मानकोली म्हणजे गोदामांचे गाव. पत्र्याच्या उंच शेडमध्ये कपडे, भांडी, टीव्ही, मोबाइल महिनोन् महिने पडून राहतात आणि त्यांचे फारसे काही बिघडत नाही. नाक्यावरच्या दुकानाबाहेर एकावर एक रचलेल्या ३० अंड्यांच्या ट्रेचे मात्र तसे नसते. मुंबई-ठाण्याला लागणारी बरीचशी अंडी तेलंगण, आंध्र, कर्नाटकातून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येतात. सुट्या ट्रेवर तारीख क्वचितच असते. आसपासच्या गावातून आलेल्या गावठी अंड्यांवर तर ती कधीच नसते. मग अंडे कालचे की पंधरा दिवसांपूर्वीचे, हे ग्राहकाने ओळखायचे कसे?

त्यासाठी अंडे म्हातारे कसे होते ते पाहावे लागते. कवच दिसते घट्ट, पण त्यावर साधारण ७ ते १७ हजार सूक्ष्म छिद्रे असतात. आतल्या पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून केलेली ही सोय. कोंबडीने अंडे घातल्यावर ते थंड होऊ लागते, आतला ऐवज थोडा आकसतो आणि बोथट टोकाला हवेची छोटी पोकळी तयार होते. पुढे रोज छिद्रांतून थोडे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, तशी पोकळी वाढत जाते. वायू गेल्याने पांढऱ्या भागाचा सामू साधारण ७.६ वरून ९ च्या पुढे चढतो आणि त्यातला दाट, जेलीसारखा थर पातळ होऊ लागतो. बलकाभोवतीचे पातळ आवरणही सैल पडते. ताजे अंडे तव्यावर फोडले की बलक टेकडीसारखा उंच राहतो आणि पांढरे त्याच्याभोवती गोळा होऊन बसते. जुन्या अंड्याचे पांढरे पाण्यासारखे पसरते आणि बलक हात लागताच फुटतो. अमेरिकेतील रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये याच निरीक्षणाचे मोजमाप बसवले. अंड्याचे वजन आणि दाट पांढऱ्याची उंची यावरून काढलेला 'हॉ युनिट' हा आकडा अंडी उद्योगात आजही वापरला जातो. ७२ च्या वरचे अंडे उत्तम, ६० च्या खालचे हलक्या प्रतीचे.

घरात सोपी परीक्षा पाण्याची. खोलगट भांड्यात साधे पाणी घेऊन अंडे अलगद सोडायचे. तळाशी आडवे पडले तर ताजे. बोथट टोक वर करून तिरपे झाले तर आठवडाभराचे किंवा थोडे जास्त. तळाला टेकून उभे राहिले तर बरेच जुने, लगेच नीट शिजवून संपवायचे. तरंगले तर टाकून द्यावे. पाण्यात मीठ घालू नये. खारट पाणी जड असते, त्यात चांगले अंडेही वर येते आणि दुकानदाराशी उगाच भांडण होते. भिजवलेले अंडे परत साठवायचे नाही, त्याच दिवशी वापरायचे. कानाशी धरून हलवण्याची जुनी पद्धतही चुकीची नाही. आत डुचमळले तर पांढरे पातळ झालेले आहे.

पण ही परीक्षा अंड्याचे वय सांगते, त्यातले जंतू दाखवत नाही. अंडी खाऊन होणाऱ्या विषबाधेला बहुतेक वेळा कारण ठरणारे साल्मोनेला जंतू कालच्या, तळाशी आडव्या पडलेल्या अंड्यातही असू शकतात. ते बाहेरून विष्ठेतून कवचावर येतात आणि काही वेळा कोंबडीच्या शरीरातच, कवच तयार होण्याआधी आत शिरतात. वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाहीत. अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइमसारखी जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात. लायसोझाइमचा शोध १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला, पेनिसिलिनच्याही आधी. शिवाय पांढऱ्यात जंतूंना लागणारे लोह मोकळे मिळत नाही. ताज्या अंड्यात जंतू असले तरी ते या पहाऱ्यामुळे फारसे वाढत नाहीत. अंडे जुने झाले, गरम राहिले, बलकाचे आवरण सैल पडले की बलकातले लोह आणि पोषक द्रव्ये बाहेर झिरपतात. मग जंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून प्रश्न किती दिवस झाले एवढाच नसतो, ते दिवस किती उष्णतेत गेले हाही असतो. थंडाव्यात काढलेले तीन आठवडे आणि मे महिन्यात पत्र्याखाली काढलेले तीन आठवडे यांची तुलनाच नको.

गावठी अंड्यांची आणखी एक गोष्ट आहे. पिंजऱ्यातल्या फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे तिथली अंडी निर्बीज असतात. अंगणात फिरणाऱ्या कोंबडीचे अंडे बहुधा सबीज असते आणि साधारण २०-२१ अंशांच्या वर त्यातला गर्भ हळूहळू जागा होऊ लागतो. ठाणे जिल्ह्यात उन्हाळ्यात रात्रीही पारा त्याखाली जात नाही. चार-सहा दिवस टोपलीत राहिलेल्या गावठी अंड्यात रक्ताच्या रेषा दिसतात त्या यामुळे. (फार्मच्या अंड्यातला रक्ताचा एखादा ठिपका वेगळा. तो अंडे तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटल्याने येतो आणि अपायकारक नसतो.) खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी घरातल्या बायका उजेडासमोर धरून पाहतात. खाण्याच्या अंड्यालाही तेच करावे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बोथट टोकाला लावला की हवेची पोकळी स्पष्ट दिसते, गडद जाळे असेल तर तेही दिसते. पाण्यात न भिजवता होणारी ही परीक्षा जास्त कामाची.

तपकिरी कवच म्हणजे गावठी आणि गावठी म्हणजे ताजे, ही समजूत मात्र महागात पडते. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. दोन्हींचा ताजेपणाशी संबंध नाही. प्लॅस्टिकच्या अंड्यांचे व्हिडिओही असेच. असे अंडे अस्तित्वात नसल्याचा खुलासा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने केलेला आहे. त्यात 'प्लॅस्टिक' म्हणून दाखवला जातो तो कवचाच्या आतला वाळलेला पापुद्रा.

अंडी आणल्यावर धुवावीत का? नाही. नुकत्याच घातलेल्या अंड्यावर एक पातळ थर वाळलेला असतो, तो छिद्रे झाकतो. धुतल्यावर तो जातो. थंड पाण्यात तर आतला ऐवज आकसून बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अमेरिकेत अंडी धुतात आणि म्हणून ती सतत थंड ठेवणे तिथे बंधनकारक आहे. युरोपात उत्तम प्रतीची अंडी धुण्यास मनाई आहे. विष्ठा लागलेले अंडे कोरड्या कापडाने पुसावे, नाहीतर शिजवण्याच्या क्षणी धुवावे.

फ्रिज असेल तर अंडी आतल्या कप्प्यात, डब्यात, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. बहुतेक फ्रिजना अंड्यांची खोबणी दारात दिलेली असते, हा कंपन्यांचा हट्ट अनाकलनीय आहे. दिवसातून वीस वेळा उघडणारे दार ही फ्रिजमधली सर्वांत उबदार जागा. आत ठेवलेली अंडी तीन ते पाच आठवडे चांगली राहतात. एकदा फ्रिजमध्ये गेलेली अंडी पुन्हा बाहेर ठेवू नयेत. भिवंडीच्या दमट हवेत त्यांना लगेच घाम फुटतो आणि ओल्या कवचातून जंतू सहज आत जातात. उकडलेले अंडे मात्र कच्च्यापेक्षा लवकर बिघडते, ते फ्रिजमध्येही आठवड्याच्या आत संपवावे.

फ्रिज नसलेल्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्यात लहान मुले येतात. राज्याच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीतल्या बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर ती अंडी सांभाळायची ती सेविकेने, अनेकदा फ्रिजशिवाय. ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्याचा उपाय विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्यामुळे थंडावाही कमीच मिळतो. ताज्या अंड्याला पहिल्याच दिवशी खाद्यतेलाचे पातळ बोट फिरवले की छिद्रे बुजतात आणि म्हातारपण लांबते, पण जंतू त्याने मरत नाहीत. चुन्याच्या निवळीत अंडी बुडवून ठेवण्याची जुनी युक्तीही अशीच छिद्रे बुजवण्याची. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा थोडी थोडी अंडी आणणे, ती सावलीत, हवेशीर, चुलीपासून दूर ठेवणे आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांपलीकडे न ठेवणे जास्त भरवशाचे.

शेवटचा पहारा शिजवण्याचा. पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट झाले, म्हणजे आत ७० अंशांच्या आसपास तापमान गेले, की साल्मोनेला मरतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना हाफ फ्राय किंवा अर्धवट उकडलेले अंडे देऊ नये. तालमीत दुधात कच्ची अंडी फोडून पिणाऱ्यांचाही तोटाच होतो. बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९० टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले जेमतेम ५० टक्के.

घाऊक दुकानात तडकलेली अंडी स्वस्तात मिळतात, त्यांचा मोह टाळलेला बरा. घरी आणताना तडकलेले अंडे लगेच फोडून, खरपूस शिजवून खाता येते. आणि अंडी नेहमी आधी वाटीत एकेक फोडावीत, मग भांड्यात घालावीत. पांढरे किंचित धुरकट दिसले तर घाबरू नये, ते ताजेपणाचे लक्षण. गुलाबी किंवा हिरवट झाक दिसली, वास आला, तर ते वाटीसकट बाहेर न्यावे आणि वाटी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी.