तापीच्या खोऱ्यातील ऊन, पाऊस आणि थंडी

आखाजीचा सण खानदेशात ऐन उन्हाच्या काहिलीत येतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि त्याच सुमारास भुसावळ व जळगाव ही नावे राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या ठिकाणांत वरचेवर ऐकू येऊ लागतात. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 42 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, याचे स्थानिक रहिवाशांस आता नवल वाटत नाही. एवढे ऊन येथेच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी जमिनीच्या ठेवणीत आहे.

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, यांमधील लांबट सखल पट्टा म्हणजे खानदेश. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर वसले आहे. जळगाव व भुसावळ जेमतेम 200 मीटरवर. दर हजार मीटर उंचीमागे हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते. तेव्हा इतर कारणे बाजूस ठेवली तरी निव्वळ सखलपणामुळे जळगावची हवा पुण्यापेक्षा दोन अंशांहून अधिक उष्ण राहावयाची. त्यात समुद्र दूर, उन्हाळ्यातील हवा कोरडी आणि जमीन बहुतांशी काळी. याच हिशेबाने सातपुड्यातील तोरणमाळ, सुमारे 1,150 मीटर उंचीमुळे, खोऱ्यापेक्षा सहा अंशांनी थंड असावयास हवे. आणि मे महिन्यात तेथे गेलेल्या प्रवाशास हा हिशेब पटतो. हे ठिकाण पूर्वी धुळे जिल्ह्यात होते; 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते.

पावसाच्या बाबतीत खानदेश उपेक्षितच म्हणावा लागेल. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीवर टाकतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; जळगाव जिल्ह्याच्या वाट्यास सुमारे 700, आणि धुळ्यास त्याहूनही कमी. या टंचाईतूनच धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत रूढ झाली. नदीवर लहान बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी उताराने शिवारात न्यावयाचे, शिवाराचे फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळावयाची. ही व्यवस्था ब्रिटिश अमलाच्या आधीपासूनची असून ती गावकऱ्यांनीच चालविली, हे विशेष. अजिंठ्याची लेणी पाहण्यास पावसाळ्यात येणारा प्रवासी तेथील धबधबा कौतुकाने पाहतो. ते पाणी वाघूर नदीचे. पुढे तीच नदी खानदेशात उतरून तापीस मिळते, आणि तिच्यावरील धरणाचे पाणी जळगाव शहराच्या नळांस येते.

उन्हाळ्याची काहिली सोसणारे हेच खोरे हिवाळ्यात कडाक्याचे गारठते. कोरड्या, निरभ्र हवेत रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि थंड, जड हवा सखल भागात साचते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळी बागायतदारांस हे ऋतू चांगलेच ठाऊक आहेत. किमान तापमान दहा अंशांखाली गेले की केळीची वाढ खुंटते, पानांवर चरका दिसू लागतो आणि निसवण लांबते. उन्हाळ्यात पाने होरपळतात. मे-जूनच्या वादळात घडांनी लदलेली झाडे एका रात्रीत आडवी होतात. बागेभोवती शेवरी लावण्याची जुनी रीत या वाऱ्यासाठीच आहे.

शासनाच्या हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी थंडी, उष्णता व वेगाचा वारा या धोक्यांचा समावेश आहे. परंतु तापमानासंबंधी भरपाई ठरते ती बागेत दिसणाऱ्या नुकसानीवरून नव्हे, तर त्या महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. ही नोंद उन्हातील नसते; मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेल्या उपकरणाने ती घेतली जाते. केंद्रालगत भिंत उभी राहिली, वा झाड वाढून सावली पडू लागली, की आकडा बदलतो. आणि एका अंशाच्या फरकाने सबंध मंडळातील बागायतदार भरपाईस मुकू शकतात. आपल्या मंडळाचे केंद्र कोणत्या जागी आहे आणि त्याभोवतीची जागा मोकळी आहे की नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांनी हंगामापूर्वी एकदा जाऊन पाहावे. आणि काही वावगे आढळल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यास लेखी कळवावे.