ग्रामपंचायत खरंच सगळ्या गावाची आहे का? कसं तपासायचं, समजून घ्या

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरचं नाव काढलं की मल्लिकार्जुन मंदिर आणि दत्त मंदिराजवळची पुष्करणी आठवते. इन्स्टाग्रामवर त्यांचे फोटो भरपूर फिरतात. ग्रामपंचायतीच्या ऑफिसचा फोटो मात्र कुणी टाकत नाही. खरं तर कुठल्या वस्तीत दिवा लागणार, कुठे नळ जाणार, कुणाचं नाव घरकुलाच्या यादीत सुचवायचं, हे सगळं तिथून हलतं.

मग गावात ज्यांची घरं मोजकीच आहेत, त्यांचं तिथे कोण ऐकतं?

कायदा काय सांगतो?

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं.

बारामती तालुका तर याआधीच पुढे होता. १९६०च्या दशकात, कुठलंही ५० टक्के आरक्षण नसताना, इथल्या निंबुतमध्ये सगळ्या महिला सदस्य असलेली ग्रामपंचायत होती.

धार्मिक अल्पसंख्याकांसाठी मात्र वेगळी राखीव जागा नाही. बागवान, तांबोळी यांच्यासारखे मुस्लिम समाज ओबीसी यादीत आहेत, त्यामुळे ते ओबीसी जागेवर उभे राहू शकतात. बाकीच्यांना सर्वसाधारण जागेवरूनच लढावं लागतं. म्हणून अशा कुटुंबांसाठी ग्रामसभा जास्त महत्त्वाची. तिथे निवडून यावं लागत नाही. मतदार यादीत नाव असलं की बोलायचा हक्क आहे.

पैशांचं काय?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून १० लाख जमले, तर त्यातले ३ लाख या तीन कामांचे. तो खर्च झाला का, हे विचारणं म्हणजे भांडण काढणं नाही, हिशोब मागणं आहे.

ठरावाने गाव बदलतं का?

बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. वस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्याने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तोही गावापर्यंत पोचतो तो ठरावातूनच.

माणसंही पुढे येतात. इंदापूरला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यात, तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज बाद झाला होता. त्या हायकोर्टात गेल्या, कोर्टाने परवानगी दिली आणि २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या.

पण बहुमताने काहीही ठरवता येतं का?

नाही. आणि इथेच खरी मेख आहे.

२०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिंगणापूरमध्ये मुस्लिमांची नावं मतदार यादीत नव्याने घेऊ नयेत असा ठराव झाला. त्यावर टीका झाली आणि गावाला माघार घ्यावी लागली. मतदार यादी निवडणूक आयोगाची असते, ग्रामपंचायतीची नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घातली. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव रद्द केला.

हेरवाडने ठराव केला, मढीनेही केला. हात वर करायची पद्धत दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की एका ठरावाने बाजूला पडलेल्या बाईला आत घेतलं, दुसऱ्याने आत असलेल्या माणसाला बाहेर काढलं. धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करायला संविधानाचं कलम १५ मनाई करतं. सगळ्या गावाने हात वर केले तरी ते कलम बदलत नाही.

तुम्ही काय करू शकता?

१. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. नोटीस लागली की तिचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, प्रत्येक वस्तीपर्यंत पोचवा.

२. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती खरंच झाली की फक्त सह्या फिरल्या, ते विचारा.

३. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा. तेवढी माणसं होती का, ते बघा.

४. १५, १० आणि ५ टक्के खर्चाचा हिशोब मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

५. ठराव चुकीचा वाटला तर सभेतच विरोध नोंदवा आणि पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

गावात एखाद्या समाजाची चारच घरं असतील, तर मतदानात ती कधीच जिंकणार नाहीत. म्हणून त्यांच्या बाजूने बोलायची जबाबदारी उरलेल्या चारशे घरांवर येते. पुढची ग्रामसभा कधी आहे, ते आजच विचारून ठेवा.