पिल्लू घरी येतं तेव्हा : भाग ४
हाकेचं नाव

गेल्या आठवड्यात आपण लसीकरणाचं कार्ड पाहिलं. त्या कार्डावर नावाचा एक रकाना असतो आणि घरातला पहिला वाद तिथंच पेटतो. मुलांना सिनेमातलं नाव हवं असतं, आजोबांना मोती, तर पैसे मोजणाऱ्याला 'मॅक्सिमिलियन'सारखं काहीतरी भारदस्त. निकाल एकाच कसोटीवर लावावा. पट्टा हातातून सुटून पिल्लू रस्त्याकडे धावलं, तर हे नाव एका दमात मोठ्यानं ओरडता येईल का?

झेनोफन या ग्रीक लेखकानं इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या आपल्या शिकारीवरच्या ग्रंथात हाच सल्ला दिला आहे : नावं आखूड ठेवा, म्हणजे हाक मारायला सोपी जातात. खाली त्यानं ४७ नावांची यादीही दिली आहे. आपल्याकडच्या लोकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. मोती, राजा, शेरू, वाघ्या ही सगळी त्याच मापाची. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात, त्याचंही नाव खंड्या. आणि तुम्ही हौसेनं 'ब्रूनो' ठेवलंत तरी महिन्याभरात घरात त्याचा 'ब्रुन्या' होणारच, तेव्हा तेही आधी एकदा म्हणून बघा.

खरी गफलत होते ती रोजच्या शब्दांशी. आपण कुत्र्याशी अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत बोलतो : बस, ये, थांब, सिट, नो. आता नाव 'जो' ठेवलं, तर त्याला हाक आणि 'नो'ची दटावणी सारखीच ऐकू येणार. 'किट' आणि 'सिट' यांचंही तेच. 'बसंती'ला लांबून हाक मारलीत, तर ती यायच्या ऐवजी बसेलसुद्धा! कुत्र्याची बुद्धी तोकडी असते असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीनं हजाराहून जास्त खेळण्यांची नावं ओळखून दाखवली होती. पण तिच्यामागे कित्येक वर्षांची रोजची तालीम होती. आपल्या घरात पाच माणसं पाच सुरांत ओरडतात.

माणसांची नावं टाळावीत, हे माझं स्पष्ट मत. 'पिंट्या, घाण करू नकोस' हे खालच्या मजल्यावरच्या पिंट्यानं ऐकलं की सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो. वंशावळीच्या कागदावर लांबलचक नाव असेल तर ते तिथंच राहू द्या. हाकेचं नाव वेगळं असलं तरी बिघडत नाही.

नाव ठरलं की शिकवणं सोपं आहे. घर शांत असताना नाव एकदाच घ्या. पिल्लानं वळून बघितलं की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. न बघितल्यास नावाचा जप करू नका. थोडं थांबून पुन्हा घ्या. दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याचं नावही बदलता येतं. काही दिवस नवं आणि जुनं नाव जोडून हाक मारा, मग जुनं हळूहळू सोडा.

रागावताना मात्र नाव घेऊ नका. चप्पल कुरतडली म्हणून नावानं दटावलेलं पिल्लू पुढच्या हाकेला पलंगाखाली जाऊन बसतं. पुढच्या आठवड्यात शी-शूची शिस्त. तोवर घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच नाव पक्कं करा.