एका पेशीच्या दोन

धसईच्या आसपासच्या रानांत चैत्र लागला कीं मोहाचीं फुलें गळूं लागतात. तीं भिजत ठेवलीं कीं थोड्याच दिवसांत पाणी फसफसूं लागतें. ही करामत किण्वाची, म्हणजे यीस्टची. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, असा त्याचा संसार वाढतो.

परंतु दोन होणें म्हणजे लाडवाचे दोन तुकडे करणें नव्हे. पेशींत गुणसूत्रांची वाटणी अचूक झाली पाहिजे आणि मगच मध्यें भिंत उभी राहिली पाहिजे. हा क्रम ज्या किण्वांत उत्तम अभ्यासला गेला, त्याचें वर्णन पॉल लिंडनर यानें १८९३ सालीं केलें. तें पूर्व आफ्रिकेंतील मद्यांत सांपडलें होतें. म्हणून मद्यवाचक 'पोंबे' हा स्वाहिली शब्द त्याच्या नांवांत आला.

ही पेशी कांडीसारखी असते. विभागतांना तिची लांबी मिलिमीटरच्या सुमारें सत्तराव्या भागाएवढी भरते. घराला वासे, तसे तिला प्रथिनांचे तंतु. एरवीं ट्यूब्युलिनच्या नळ्या लांबीच्या दिशेनें पसरलेल्या असतात आणि ॲक्टिनचे पुंजके वाढत्या टोंकांशीं असतात. विभाजनाची वेळ आली कीं हे वासे मोडले जातात. पण सामान वायां जात नाहीं. त्याच ट्यूब्युलिनची चाती केंद्रकाच्या आंत उभी राहते आणि तिन्ही गुणसूत्रांच्या जोड्या दोन टोंकांकडे ओढून नेते. ॲक्टिन टोंकें सोडून कमरेशीं येतें. तेथील ठिपक्यांतून त्याचे तंतु फुटतात, मायोसिन ते ओढतें आणि सुमारें दहा मिनिटांत एक कडें तयार होतें. गुणसूत्रें दूर होईपर्यंत तें थांबतें. मग बटव्याची दोरी ओढावी तसें आवळत जातें. त्याच्या मागोमाग भिंत आंत सरकते.

कडें आधीं आवळलें तर गुणसूत्रें कापलीं जातील. आवळलेंच नाहीं तर एका पेशींत दोन केंद्रकें राहतील. मनुष्याच्या पेशींतही ॲक्टिन आणि मायोसिन यांचेंच कडें असतें, आणि गुणसूत्रांची चुकलेली संख्या कर्करोगाच्या पेशींत वारंवार आढळते. विभाजनाची आज्ञा देणाऱ्या किण्वाच्या जनुकाचें काम मानवी जनुक करूं शकतें, हें पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेनें १९८७ सालीं दाखविलें. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही या कड्यावर संशोधन झालें आहे.

फेंसाच्या एका बुडबुड्यामागें एवढी शिस्त आहे; आणि तीच शिस्त माणसाच्या देहांतही आहे.